उत्तरांचा फीडर

दर तासाला उठायचं, पॅनेलसमोर उभं राहायचं,
व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान
निळ्या पेनानं लिहायचं.
एकोणीस वर्षं हेच अक्षर.

मला फीडर स्वभावानं कळतात.
शिरोलीचा फाउंड्रीवाला रागीट,
भट्टी चढली की काटा उडी मारतो,
लोखंड ओतून झालं की दमून खाली बसतो.
शेतीचा रात्री दहाला एका हिसक्यात उठतो,
सगळ्या मोटारी एकदम.
गावठाण पहाटे साडेपाचला कूस बदलतं,
गिझर, मग डेअरी, मग मिक्सर.
रविवारी अकराला वाटणाचा एक उंचवटा येतो, तांबड्या-पांढऱ्याचा.
आम्ही जैन. मी तो जन्मात चाखलेला नाही,
काट्यावर मात्र दर रविवारी बघते.
आणि सोमवारी एमआयडीसी बंद,
त्या रात्री माझं अर्धं स्वेटर विणून होतं.

आता नवा अर्ज आलाय.
साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला,
कोपरा उडू नये म्हणून वर चहाचा कप.
कागल रस्त्याला माळावर एक इमारत,
खिडक्या नाहीत.
माणसं किती? तीस-पस्तीस, वॉचमन धरून.
लोड किती?
आकडा बघून इरगोंडानं चष्मा पुसला, परत बघितला.
"आमचं गाव, शेजारची चार, वर साखर कारखाना
एवढं बसतंय की ओ ह्यात.
काय बनवणार म्हणायचं तितं?"
साहेब म्हणाले, "उत्तरं."

अपेक्षित आलेखही जोडलाय अर्जाला.
एक सरळ रेघ.
दिवाळीला सरळ, बेंदराला सरळ,
सोमवारी सरळ,
रात्री तीनला, कुत्रीसुद्धा गप्प असतात तेव्हा, सरळ.
एवढी सरळ रेघ मी एकदाच पाहिलीय,
सीपीआरमध्ये, आप्पांच्या खाटेशेजारच्या पडद्यावर.
तिथं तिचा अर्थ उलटा होता.

मी वाईट बोलत नाही.
परवा रात्री सम्मेदचा फोन, "मम्मी, इंडक्शन समजलं!"
क्लासच्या सरांनी तीनदा शिकवलेलं,
ह्या यंत्रानं विहिरीचं आणि दोराचं उदाहरण देऊन सांगितलं म्हणे.
बारावीचा पोरगा, नाचत होता.
मी फोन ठेवला आणि खिडकीतून बघत बसले,
अंगणात दोन ट्रान्सफॉर्मर, इंडक्शनवरच गुणगुणत उभे.
त्याला एकदा इथं आणून दाखवायचं राहूनच गेलं.
त्या विहिरीचं पाणी कुठल्या माळावरून आलं असेल?
तिथंही कुणीतरी दर तासाला उठत असेल,
लिहीत असेल, पेन कुठल्या रंगाचं कोण जाणे.

मग मीच विचारलं यंत्राला:
बाबा, तुला वीज किती लागते?
फार नम्र आहे. तीन परिच्छेद लिहिले,
शेवटी म्हणालं, नक्की सांगता येणार नाही.
माझ्या वहीत असा रकानाच नाही.

तीन वाजायला आले होते. वरून फोन,
लोड उतरवा, लगेच.
कुठला फीडर काढायचा ते मला विचारायची पद्धत नाही,
यादी असते. शेतीचा वरती असतो.
नव्या अर्जात एक कलम आहे,
सरळ रेघेला हात लावायचा नाही.
बटण दाबलं. ब्रेकर धाडकन उघडला.
काटा शून्यावर येताना थोडा थरथरतो,
ते अजून बघवत नाही.

पाचव्या मिनिटाला लँडलाइन वाजली.
"मगदूम मॅडम न्हवं? मी बाबालाल, वरच्या रानातनं.
अर्धी सरी भिजलीया, अर्धी कोरडी.
लाइट कवा येणार?"

एकोणीस वर्षं मीही उत्तरंच बनवते,
ह्या एकाच प्रश्नाची,
बिनविजेची.
"येईल हो. अर्ध्या तासात. मोटारीपाशीच थांबा."
नक्की मलाही माहीत नव्हतं.

तीन वाजता तेल एकसष्ट अंश.
लिहिलं.